पेंड, ढेप आणि खली

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत, कानपूर येथे दिलेले व्याख्यान)



संतवाङ्मय, नाट्यसंगीत आणि पेशवाई यांच्या पंक्तीला ‘पेंड’ हा विषय बसविण्याचे धाडस कार्यकारिणीने केले, याबद्दल प्रथम तिचे आभार मानणे आम्हांस अगत्याचे वाटते. ज्या ब्रह्मावर्तात दुसऱ्या बाजीरावांनी आपली अखेरची वर्षे काढली, ते येथून जवळच. अशा ठिकाणी इतिहास सोडून गुरांच्या खाद्यावर बोलणे काहींना अरसिकपणाचे वाटेल. परंतु कानपूर हे तेलाचेही गाव आहे, आणि तेलतंत्रज्ञानाचे शिक्षण देणारी हारकोर्ट बटलर ही येथली संस्था १९२१ पासूनची आहे. आमच्यासारखे कित्येक जण या गावी आले ते तेलामुळेच. रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून १९४२ साली नागपुरास जी तंत्रसंस्था उभी राहिली, तिच्या तेल-विभागातून बाहेर पडलेले विद्यार्थी देशातील बहुतेक तेलगिरण्यांत भेटतात. त्यांतलेच आम्ही एक.

तेलबी गाळून तेल काढले की मागे जो चोथा राहतो त्याला पुण्या-साताऱ्याकडे पेंड म्हणतात, वऱ्हाड-नागपुराकडे ढेप म्हणतात आणि येथे खली म्हणतात. नावे तीन असली तरी तिन्हीकडे समजूत एकच, की मोलाचे ते तेल आणि उरले ते गुरांचे. ही समजूत अर्धीच खरी आहे.

जुन्या लाकडी घाण्याच्या पेंडीत शेकडा १० ते १२ टक्के तेल शिल्लक राही. एक्स्पेलर आला आणि ते ६ ते ८ टक्क्यांवर आले. पुढे सॉल्व्हेंट एक्स्ट्रॅक्शन आले. म्हणजे पेंड हेक्झेन या पेट्रोलजन्य द्रवाने धुवायची, तेल विरघळून त्यात उतरले की द्रव आटवून परत मिळवायचा. या रीतीने पेंडीत एक टक्क्याहूनही कमी तेल राहते. व्यापारात या पेंडीला नुसते ‘डीओसी’ म्हणतात. तेलाच्या हिशोबाने ती कोरडी ठाक. परंतु हेक्झेन केवळ तेलकट पदार्थच उचलते. बीमध्ये याखेरीज जे होते, प्रथिने, शर्करा, कडवट द्रव्ये, रंग, बीचे किड्यांपासून व बुरशीपासून रक्षण करणारी नाना रसायने, त्यांतील पुष्कळसे पेंडीत जसेच्या तसे राहते. किंबहुना तेल निघून गेल्यामुळे त्यांचे प्रमाण वाढते.

यामागचे शास्त्र आपल्या भगिनी रोज वापरतात. हळदीचा आणि तिखटाचा रंग फोडणीच्या तेलात उतरतो, चहाचा पाण्यात उतरतो. हळद पाण्यात नुसती ढवळली तर ती खाली बसते, आणि चहाची पूड तेलात परतली तर चहा होत नाही. प्रत्येक द्रव्याला आपले असे सोयीचे द्रावण असते. पेंडीत अडकलेली बहुतेक गुणी द्रव्ये ही तेल आणि पाणी यांच्या मधल्या स्वभावाची आहेत. ती पाणी मिसळलेल्या अल्कोहोलात चांगली उतरतात. तो अर्क गाळायचा, कमी दाबाखाली मंद आचेवर आटवायचा आणि त्यातून हवे ते वेगळे करायचे, असा हा सगळा व्यवहार आहे. उपकरणे मोठी दिसतात, पण मूळ तत्त्व काढ्याचेच.

आता येथल्या सरसोंकडे वळू, कारण या शहराच्या नाकाशी तिचे नाते आहे. मोहरी फेसणे हा खास मराठी शब्द. लोणच्यासाठी मोहरी पाण्याबरोबर वाटून फेसली की ती नाकात जाते, डोळ्यांतून पाणी काढते. तीच मोहरी फोडणीत तडतडली तर नाकात जात नाही. दाणा तोच, मग हा फरक का? दाण्यात सिनिग्रिन आणि त्याच्या जातीची काही द्रव्ये एका कप्प्यात असतात आणि मायरोसिनेज नावाचे विकर दुसऱ्या कप्प्यात असते. अखंड दाण्यात त्या दोहोंची गाठ पडत नाही. दाणा फुटला आणि पाणी मिळाले की विकर सिनिग्रिनचे तुकडे करते आणि झणझणीत असे उडनशील तेल जन्मास येते. बुसी या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८४० साली हे दोन्ही घटक वेगळे करून दाखविले. कढत तेलात मात्र विकर मरते. मग सिनिग्रिन असूनही नसल्यासारखे. आपल्या आज्यांना मायरोसिनेज हे नाव ठाऊक नव्हते, पण लोणच्याला मोहरी फेसावी आणि वरणाला तडतडवावी हे बरोबर ठाऊक होते.

सरसों गाळल्यावर ही झणझणीत द्रव्ये निर्माण करणारा साठा मुख्यतः खलीत राहतो. खलीत प्रथिने शेकडा ३५ ते ४० टक्के, म्हणजे कागदावर ती उत्तम खाद्य. परंतु या द्रव्यांमुळे ती कडू लागते. कोंबड्यांना अधिक दिली तर त्यांच्या कंठग्रंथीवर परिणाम होतो. म्हणून प्रथिनांच्या मानाने तिला सोयाबीनच्या पेंडीइतका भाव येत नाही. कॅनडातील शास्त्रज्ञांनी दुसरा मार्ग धरला. त्यांनी बीजच बदलले, आणि १९७४ साली इरुसिक आम्ल व ही झणझणीत द्रव्ये दोन्ही कमी असलेले पहिले वाण आणले. तेच पुढे ‘कॅनोला’ या नावाने जगभर गेले. ते योग्यच. पण कानपूर-आग्र्याच्या स्वयंपाकघरात झणझण नसलेले सरसोंचे तेल कोण घेईल? येथे बीज बदलण्यापेक्षा खलीतून झणझण काढून घेणे हे अधिक शहाणपणाचे.

आणि ती काढता येते. ज्या खलीतले विकर उष्णतेने मेलेले नाही अशी खली कोमट पाण्यात भिजवायची, विकराला त्याचे काम करू द्यायचे आणि मग वाफेबरोबर उडनशील तेल ओढून घ्यायचे. उतारा शेकडा एकाच्याही आत, पण त्याचा भाव खाद्यतेलाच्या तुलनेत कितीतरी अधिक. मसाल्यांच्या उद्योगात ते जाते. बाजारात ‘वासाबी’ म्हणून जी हिरवी चटणी मिळते तिचा झणका पुष्कळदा मोहरीचा असतो. जपानात जेवणाच्या डब्यातील अन्न टिकावे म्हणून मोहरीच्या अर्काचे पापुद्रे वापरतात. मागे राहिलेली खली वाळविली की तिचा उग्रपणा उतरलेला असतो. येथे एकाच क्रियेने दोन वस्तू सुधारल्या हे लक्षात घ्यावे. मंडळातील ज्या भगिनी गुलाबांच्या कुंड्यांना भिजवलेल्या खलीचे पाणी घालतात, त्यांनी त्या बादलीवर क्षणभर वाकून पाहिले तर हेच तेल त्यांना प्रत्यक्ष भेटेल. फार वाकू नये.

परंतु प्रत्येक द्रव्याचा हिशोब इतका सरळ नसतो. तरुण अभियंते आमच्याकडे मोठ्या उमेदीने येतात आणि म्हणतात, “काका, खलीत अमुक द्रव्य आहे, त्याचा भाव किलोला इतके हजार.” आम्ही त्यांना एक साधे गणित घालतो. एक टन खली घ्या. तीत सिनॅपीन हे कडवट द्रव्य शेकडा एकाच्या आसपास, म्हणजे सगळेच्या सगळे हाती आले तरी दहा किलो. धुण्यासाठी खलीच्या आठपट अल्कोहोल-मिश्रण धरू, म्हणजे आठ हजार लिटर. दहा किलोसाठी आठ हजार लिटर द्रव तापवायचा, गाळायचा, आटवायचा, थंड करून पुन्हा टाकीत घ्यायचा. त्यातला शंभरावा भाग जरी हवेत गेला तरी ऐंशी लिटर अल्कोहोल गेले. त्यावर कोळसा, पाणी, अबकारी खात्याचे परवाने, ओली खली वाळविण्याचा खर्च. या गणितानंतर निम्मे तरुण परत येत नाहीत. जे येतात त्यांच्याशी बोलण्यात अर्थ असतो.

कारण गणिताची दुसरी बाजूही आहे. त्याच आठ हजार लिटरने दहा किलो सिनॅपीनबरोबर शर्करा आणि कडवटपणाही धुतला जातो आणि मागे अधिक प्रथिनांची, चवीला सौम्य अशी पेंड राहते. तिचा भाव वाढला तर कारखाना चालतो. नुसत्या दहा किलोवर तो चालत नाही. म्हणून आमचे मत असे आहे की पेंडीतून काय काढावे याची कसोटी त्या द्रव्याचा बाजारभाव ही धरू नये. काढून घेतल्यानंतर मागची पेंड सुधारते की बिघडते, हे पाहावे. जे गुरांना, कोंबड्यांना नको आहे ते आपण घ्यावे. जे त्यांच्या पोषणाचे आहे ते काढून घेऊन पोकळ चोथा त्यांच्यापुढे टाकणे हा व्यापार आम्हांस मान्य नाही, मग त्याची ताळेबंदाची पाने कितीही चकचकीत असोत.

सरकीचे उदाहरण पाहा. विदर्भात गाय-म्हैस असलेल्या घरी सरकीची ढेप ठाऊक नाही असे होत नाही. दुधाला दाटपणा येतो तो तिच्यामुळे, असे जुने लोक सांगत. सरकीच्या गरात बारीक काळपट ठिपके असतात, त्यांत गॉसिपॉल नावाचे पिवळे द्रव्य भरलेले असते. मोठ्या गुरांच्या चार कप्प्यांच्या पोटात ते बरेचसे निष्प्रभ होते. कोंबडी, डुक्कर आणि माणूस यांना मात्र ते बाधते. हेच गॉसिपॉल पुरुषांसाठी संततिनियमनाचे औषध होईल म्हणून चीनमध्ये १९७० च्या दशकात हजारो पुरुषांवर चाचण्या झाल्या. औषध लागू पडत होते. पण काहींच्या रक्तातील पोटॅशियम घसरले, काहींची जननक्षमता औषध थांबविल्यावरही परत आली नाही, आणि तो मार्ग सोडून द्यावा लागला. ‘वनस्पतिजन्य म्हणून निरुपद्रवी’ असे मानणाऱ्यांनी ही हकीकत विसरू नये. अलीकडे अमेरिकेतील टेक्सास येथे डॉ. कीर्ती राठोड यांनी असे कापसाचे झाड तयार केले की ज्याच्या पानांत गॉसिपॉल आहे, पण बीत जवळजवळ नाही. झाडाचे संरक्षण राहिले आणि सरकी खाण्याजोगी झाली. २०१९ साली तिकडच्या अन्न व औषध प्रशासनाने त्या सरकीस अन्न म्हणून मान्यता दिली.

तेलाच्या उरल्यासुरल्यातून मोठे काही निघू शकते हे जगाला पटविले ते पर्सी ज्युलियन या कृष्णवर्णीय अमेरिकन शास्त्रज्ञाने. १८९९ साली अलाबामात जन्मलेला हा मनुष्य गुलामांचा नातू. स्वदेशात वर्णामुळे दारे बंद झाली, म्हणून व्हिएन्नास जाऊन त्याने डॉक्टरेट मिळविली, आणि १९३६ पासून शिकागोतील एका रंगांच्या कंपनीच्या सोयाबीन विभागाचा तो प्रमुख झाला. एकदा सोयाबीन तेलाच्या प्रचंड टाकीत पाणी शिरले आणि तळाशी पांढरा गाळ जमला. इतरांनी टाकी वाया गेली म्हणून कपाळाला हात लावला. ज्युलियनने गाळ तपासला आणि त्यातील स्टिग्मास्टेरॉल ओळखले. त्यापासून त्याने १९४० च्या सुमारास प्रोजेस्टेरॉन हे स्त्रियांचे संप्रेरक मोठ्या प्रमाणावर बनविण्यास आरंभ केला. जे औषध प्राण्यांच्या ग्रंथींतून मोठ्या कष्टाने अल्पस्वल्प निघत असे, ते सोयाबीनच्या गाळातून पिंपांनी निघू लागले. आजही निसर्गजन्य ‘ई’ जीवनसत्त्वाचा मोठा भाग सोयाबीन तेलाचा वास काढताना जो डिस्टिलेट उडतो त्यातूनच मिळतो. तेलाच्या मानाने हा डिस्टिलेट अर्धा टक्काही नसतो. आमच्या उमेदवारीच्या काळात एका गिरणीत तो जळणात घालीत असत.

याच धर्तीवर फ्रान्समध्ये मास्कलिए या संशोधकाने १९४७-४८ च्या सुमारास भुईमुगाच्या दाण्यावरील तांबड्या सालीतून रक्तवाहिन्यांना बळकटी देणारे द्रव्य वेगळे केले. आपण भाजलेले दाणे पाखडून ती साल अंगणात उडवितो! परंतु भुईमुगाचे नाव निघाले की एक इशारा दिलाच पाहिजे. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखाहून अधिक टर्की पक्षी अचानक मेले. शोध घेता त्यांच्या खाद्यातील ब्राझीलच्या भुईमूग पेंडीत बुरशीचे विष सापडले. तेच अफ्लाटॉक्सिन. ते हेक्झेनमध्ये फारसे उतरत नाही, पेंडीतच राहते. आणि आपण ज्या अल्कोहोलाने गुणी द्रव्ये काढणार, त्यात मात्र ते उतरू शकते. म्हणजे ओलसर गोदामात बुरसलेल्या पेंडीचा अर्क काढाल तर गुणाबरोबर विषही दाट कराल. माणसाच्या पोटात जाणाऱ्या अर्काच्या प्रत्येक खेपेची तपासणी हवी. कारखान्याआधी कोरडे गोदाम बांधा, असे आम्ही सांगतो, आणि हे ऐकून उद्योजकांचे चेहरे उतरतात.

निंबोळीची गोष्ट याहून आपल्या जवळची. निंबोळीचे तेल साबणाला जाते आणि पेंड शेताला. डॉ. एस. प्रधान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्लीच्या भारतीय कृषि अनुसंधान संस्थेत १९६२ साली दाखवून दिले की निंबोळीच्या गराचे पाणी फवारलेल्या पिकावर टोळ बसतात, पण खात नाहीत. त्या कडूपणातला प्रमुख घटक अझाडिरॅक्टिन १९६८ साली इंग्लंडमध्ये वेगळा झाला. प्रयोगशाळेत तो मुळापासून जुळवावयास केंब्रिजच्या रसायनशास्त्रज्ञांना २२ वर्षे लागली. २००७ साली ते साधले. कडुनिंबाचे झाड तोच दरवर्षी उन्हाळ्याअखेर रस्त्यावर सांडते, आणि आपण त्यावरून घसरतो.

पुढे एका अमेरिकन कंपनीस आणि तेथील शेतीखात्यास निंबोळी तेलाच्या अर्काने बुरशी आवरण्याच्या पद्धतीवर १९९४ साली युरोपीय पेटंट मिळाले. ते २००० साली रद्द झाले आणि २००५ साली अपीलही फेटाळले गेले. रद्द होण्यास कारण झालेल्या पुराव्यांत पुणे आणि सांगली जिल्ह्यांतील शेतांवर १९८५-८६ च्या उन्हाळ्यात घेतलेल्या चाचण्यांची साक्ष होती. हे सांगताना ऊर भरून येतो हे खरे. पण त्या साक्षीला वजन आले ते लेखी नोंदी होत्या म्हणून. ‘आमच्या आजोबांनाही ठाऊक होते’ एवढ्यावर असे दावे सहसा जिंकले जात नाहीत.

तांदळाच्या कोंड्याविषयी दोनच शब्द. कोंडा तेलबी नव्हे, पण तेलगिरणीत तो येतोच. त्याच्या तेलातील ओरायझॅनॉल हे द्रव्य कोलेस्टेरॉल कमी करण्यास उपयोगी म्हणून नावाजले गेले. गंमत अशी की नेहमीच्या रीतीने, म्हणजे अल्कली घालून, तेल शुद्ध केले तर ओरायझॅनॉल जवळजवळ सगळे साबणाच्या गाळात जाते. मग त्या गाळातून ते पुन्हा काढण्याचे कारखाने निघतात. हैदराबादच्या भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेने विकरांच्या साह्याने तेलातील डिंक काढण्याची रीत बसविली. तिने अल्कली टाळता येते आणि ओरायझॅनॉल बरेचसे तेलातच राहते. प्रथम घालवायचे आणि मग शोधायचे, यापेक्षा हे बरे.

हे सर्व कोणासाठी, असा प्रश्न कोणीही विचारावा. आपला देश लागणाऱ्या खाद्यतेलाचा निम्म्याहून अधिक भाग बाहेरून विकत घेतो, आणि दुसरीकडे पेंड बाहेर पाठवितो. तेलाच्या भावात छोटी गिरणी मोठ्या रिफायनरीशी टिकत नाही. येथल्या जवळपासच्या गावांतले कोल्हू आणि छोटे एक्स्पेलर आमच्या डोळ्यांदेखत एकामागून एक बंद पडले. पेंडीला दोन पैसे अधिक मिळाले तरच त्यांना बियांचा बरा भाव देता येईल, आणि शेतकरी तेलबी पेरील. अल्कोहोलाचा मोठा संच छोट्या गिरणीच्या आवाक्यात नाही, हे आम्ही वरच्या गणितात दाखविलेच. पण मोहरीच्या वाफेची भट्टी आहे, निंबोळीच्या गराचा अर्क आहे, कोरडी वखार आहे. दहा गिरण्यांनी मिळून एक संच चालविणे हेही अशक्य नाही. साखरेत आणि दुधात आपल्या मुलखाने ते करून दाखविले आहे. येथल्या गिरणीवाल्यांपाशी हा विषय आम्ही काढतो तेव्हा ते म्हणतात, “भाईसाहब, पहले आप चार को इकट्ठा करके दिखाइए.” आतापर्यंत दोन झाले आहेत.

सभागृहाबाहेरच्या टेबलावर सहा बरण्या मांडल्या आहेत : सरसों, सरकी, भुईमूग, निंबोळी, तेल काढलेला कोंडा आणि एरंडी. पहिल्या पाचांतली पेंड हातात घेऊन, हुंगून पाहण्यास हरकत नाही. भुईमुगाच्या बरणीत मुद्दाम दोन पुड्या ठेवल्या आहेत, एक चांगली आणि एक बुरसलेली. बुरसलेली बंद पिशवीतूनच पाहावी. सहावी बरणी लाखेने बंद केली आहे. एरंडीच्या पेंडीत रायसिन नावाचे अतिशय जहाल विष असते, आणि खत म्हणून बागेत टाकलेली ती पेंड खाऊन कुत्री दगावल्याची उदाहरणे आहेत. मुलांना ती बरणी दुरूनच दाखवावी. चिवड्याची ताटे पलीकडच्या टेबलावर आहेत. आधी हात धुवावेत.